डाव्या हाताचा पेपर

आम्रपाली मॅडम फाटकाशी आल्या तेव्हा ज्योतीराम गुरुजी ओसरीवर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. मॅडम मूळच्या लातूरकडच्या, करंजवाडीच्या शाळेत नुकत्याच बदलून आलेल्या. हातात कागदांची चळत, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. सरकारने निरक्षरांची मोजणी पुन्हा एकदा काढली होती, आणि कसलीही मोजणी निघाली की ती शेवटी प्राथमिक शिक्षकाच्याच डोक्यावर येऊन बसते, हे गुरुजींना सदतीस वर्षांच्या नोकरीने पक्कं शिकवलं होतं. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गुरुजी, तुमच्या घरी हे विचारायचं म्हणजे मलाच कसंतरी होतंय," मॅडम म्हणाल्या. "पण रकाना भरावा लागतो. घरात पंधरा वर्षांवरचं निरक्षर कुणी?"

"आमच्या घरात? छे, कुणी नाही."

मॅडमनी रकान्यात शून्य घातलं, पाणी प्यायल्या आणि पुढच्या घराकडे गेल्या. आतल्या उंबऱ्याशी अंबूबाई सुपात कांद्याचं बी पाखडत होत्या. सूप एकदा थांबलं. मग परत सुरू झालं. गुरुजींनी कोड्यात डोकं घातलं, पण आडवा सात नंबरचा शब्द काही त्यांना सुचेना.

गुरुजींची बायको अंबूबाई, वय सहासष्ट. त्यांना स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. हे गुरुजींना माहीत नव्हतं असं थोडंच आहे! मग एवढा सरळमार्गी माणूस घराच्या दारात बसून धडधडीत खोटं का बोलला, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

गुरुजींचं, म्हणजे येळवंड्यांचं घर आधीपासून शेतकऱ्याचं. चाकणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला पाच एकर माळ आणि एक विहीर. गुरुजींच्या वडिलांच्या वेळी घरात अक्षर ओळखणारं कुणीच नव्हतं. पोस्टकार्ड आलं की ते वाचून घ्यायला चाकणच्या बाजाराच्या दिवशी नूरमोहम्मद यांच्या दुकानात जायचं, असा रिवाज. एकदा मंगळवारी कार्ड आलं आणि बाजार शनिवारी. नूरमोहम्मदनी चष्मा लावून कार्ड वाचलं, वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. वडिलांची बहीण शेवटच्या घटका मोजत होती, भावाला बोलावत होती. भाऊ धावत पोचला तेव्हा तिचा तिसरा दिवसही उरकला होता. त्या दिवशी वडिलांनी ठरवलं, की आपल्या घरात एक तरी वाचणारं माणूस पाहिजे. ज्योतीरामला शाळेत घातलं ते त्या कार्डापायी.

एक तरी, असं वडील म्हणाले होते. एक झालं, आणि घराला वाटलं, भागलं. ही त्या घराची चूक. आणि खरं सांगायचं तर ती एकट्या येळवंड्यांची नव्हती, भोवतालच्या दहा गावांची होती.

ज्योतीराम शिकला, डी.एड. झाला, गुरुजी झाला. लग्न झालं तळवड्याच्या अंबूशी. आज तळवड्यात तिच्या माहेरच्या रानात काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि पोरंपोरी गळ्यात ओळखपत्रं अडकवून चहा पीत असतात. तेव्हा तिथे हरभरा असायचा. सतरा वर्षांची अंबू हरभऱ्यातून आली ती थेट येळवंड्यांच्या कांद्यात. नवऱ्याने हौसेने पाटी आणली. आठ दिवस शिकवणी चालली. पण गुरुजी म्हणजे त्या वेळचे गुरुजी. चुकलं की हात पट्टीकडे जायचा. नवव्या दिवशी अंबूने 'अ'चा काना उलट्या बाजूला काढला आणि पट्टी तिच्या बोटांवर बसली. जोरात नव्हे, वर्गात पोरांना बसायची तेवढीच. अंबूने पाटी खाली ठेवली.

"मी तुमच्या शाळेतली पोरगी न्हाई," ती म्हणाली, आणि पुन्हा पाटीला तिने हात लावला नाही.

गुरुजींना तेव्हा राग आला होता. नंतर पश्चात्तापही झाला, पण तो तोंडाने सांगायची त्या काळी नवऱ्यांना सवय नव्हती. दोनच महिन्यांत त्यांना भीमाशंकरच्या बाजूला डोंगरातली शाळा मिळाली. महिन्या-दीड महिन्याने घरी यायचे, दोन दिवस राहायचे, नांगरामागे चार फेऱ्या मारायचे आणि परत जायचे. अशी बारा वर्षं गेली. सासरे थकले, सासू अंथरुणाला लागली, गणराज जन्मला, आणि पाच एकर अंबूबाईंच्या अंगावर पडले. विहिरीवरचं इंजिन चालू करायला त्या शिकल्या. रोपाची मुळी बोटाने चाचपून ते लावणीला आलं की नाही हे सांगायला लागल्या. कांद्याची मान कधी पडते, पाणी कधी तोडायचं, काढलेला कांदा पातीखाली किती दिवस झाकायचा, हे सगळं त्यांचं त्यांनी रानातच उभं केलं. शेजारचे बापे बांधावर थांबून विचारायचे, वहिनी, आमचा बघा जरा. वहिनी बघायच्या. आणि घरी गेल्यावर तेच बापे म्हणायचे, गुरुजींचा कांदा यंदा झकास आहे.

गुरुजींचा कांदा! एकदा तर कहर झाला. गावातल्या शाळेवर बदलून आल्यावर गुरुजींना रेडिओवर बोलायला बोलावलं. विषय होता रब्बी कांद्याची साठवण. आदल्या दिवशी त्यांनी बायकोला शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं, झकास भाषेत उतरवलं आणि पुण्याला जाऊन वाचून आले. अंबूबाईंनी ते गवत काढता काढता ऐकलं, बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून. गुरुजी घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज चांगला लागला तुमचा." त्याच वर्षी पंचायत समितीने गुरुजींना शेतकरी-शिक्षक म्हणून शाल दिली. ती शाल थंडीत अंबूबाईच पांघरायच्या, तेवढाच काय तो न्याय.

आता मुख्य गोष्ट. ब्याण्णव साली साक्षरतेची मोहीम आली. गावं हिरिरीला पडली, कोण आधी शंभर टक्के होतं म्हणून. करंजवाडीचे सरपंच तेव्हा कोंडीराम. गुरुजींच्या बरोबरीचे, लहानपणापासूनचे दोस्त. देवळात वर्ग सुरू झाला. पहिल्या आठवड्यात बायका आल्या, हसल्या, लाजल्या, गमभन गिरवलं. दुसऱ्या आठवड्यात कांद्याची लागण आली आणि देवळात गुरुजी एकटे उरले. त्या रानात होत्या, दुसरीकडे कुठे असणार? वर्ग दोन महिने पुढे ढकलला असता तर भागलं असतं. पण पाहणीला साहेब यायची तारीख ठरलेली, आणि कोंडीराम रोज विचारायचे, "गुरुजी, व्हईल न्हवं आपलं?"

एका रविवारी दुपारी गुरुजींनी शाळेचं दार आतून लावून घेतलं आणि एक्केचाळीस बायकांच्या उत्तरपत्रिका स्वतः लिहिल्या. काही उजव्या हाताने, काही डाव्या हाताने. तीन रंगांची शाई वापरली. मधे मधे मुद्दाम चुका घातल्या. एक-दोन कागदांना तेलाचं बोट लावलं. एवढ्या चोख लबाडीला जेवढे कष्ट पडले तेवढ्यात चार बायका खरंच शिकल्या असत्या, पण त्या दिवशी हे त्यांना सांगणार कोण? सगळ्यात शेवटी त्यांनी बायकोचा पेपर लिहिला, डाव्या हाताने. आणि तपासताना तिला एकाहत्तर मार्क दिले. सरपंचांच्या शालनबाईंना अठ्ठ्याहत्तर दिले होते; घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको!

शाळेच्या दाराशी दगड बसला. 'संपूर्ण साक्षर गाव, करंजवाडी'. खाली सरपंचाचं नाव, त्याखाली गुरुजींचं. हार-तुरे झाले. सगळे गेल्यावर अंबूबाई दगडाजवळ उभ्या राहिल्या.

"काय लिवलंय?"

"गाव साक्षर झालं, असं."

"मंजी, मी बी?"

"हो."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि जनावरांना वैरण टाकायला निघून गेल्या.

तर अशा त्या दगडामुळे गुरुजी आम्रपाली मॅडमना खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर दगड उकरावा लागला असता. पुढे त्या पाचातले तीन एकर कंपन्यांना गेले, घराला लागून भाड्याच्या खोल्या झाल्या आणि दोन एकर रान राहिलं. गणराज नोकरी धरून निगडीला फ्लॅटमध्ये गेला. गावात कोण कुठला हे कळेनासं झालं, तरी गुरुजींची पत तेवढी शिल्लक होती. शिफ्ट सुटून येणारी चाळिशीची माणसं गाडी थांबवून अजून त्यांच्या पाया पडायची. म्हाताऱ्या माणसाकडे दुसरं असतं तरी काय?

दोन दिवस अंबूबाई नेहमीसारख्या वागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि एकट्या शाळेत गेल्या. इतकी वर्षं त्या शाळेच्या पायऱ्या चढल्या होत्या त्या फक्त गुरुजींचा डबा घेऊन.

"मॅडम, गुरुजींनी सांगितलं त्ये चुकीचं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात एक हाय. लिवा, अंबूबाई."

हे का, असं गुरुजींनी त्या संध्याकाळी जेवताना विचारलं, तेव्हा त्यांनी निगडीची गोष्ट सांगितली. दिवाळीत त्या गणराजकडे एकट्या गेल्या होत्या. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने वही पुढे केली, नाव लिहा, कुणाकडे जायचं ते लिहा. त्या पेन धरून उभ्या. मागे माणसं खोळंबली. शेवटी वरून नात आली, दिव्या, सहावीतली. तिने लिहिलं आणि लिफ्टमध्ये विचारलं, आजी, आजोबा तर सगळ्या गावाला शिकवायचे ना, मग तुला का नाही शिकवलं?

"काय सांगितलंस तू?" गुरुजींनी विचारलं.

"काय सांगनार? म्हनलं, मला येळ न्हवता."

बायकोने नातीसमोरसुद्धा आपल्याला सांभाळून घेतलं, हे त्यांना फार लागलं. ते म्हणाले, "मी शिकवतो. उद्यापासून बसू."

"तुमच्याकडनं न्हाई," अंबूबाई म्हणाल्या आणि ताटं उचलली.

त्यांनी मास्तरीण शोधून ठेवली होती. खोल्यांपैकी तिसऱ्या खोलीत नजमुन्निसा राहायची, परभणीकडची, मराठी शाळेतून दहावी झालेली. तिचा नवरा तौफिक तळेगाव रस्त्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक. दुपारचं काम उरकलं की दोघी कांदा साठवायच्या चाळीत पोत्यावर बसायच्या. नजमुन्निसाने बाराखडीचा तक्ता बाजूला ठेवला आणि समोर दिसेल त्यावरून सुरुवात केली. खताच्या पोत्यावरचं नाव, टेम्पोमागची अक्षरं, कंपनीच्या बसवरची पाटी. चुकलं की ती आधी स्वतःच हसायची.

"मावशी, हा 'ह' आहे का पाय मुडपून बसलेला म्हातारा?"

"म्हातारंच हाय. आमचं म्हातारं असंच बसतं."

पत्र्यापलीकडे ओसरीवर ते म्हातारं सगळं ऐकायचं. अक्षराचं वळण खालून वर घेतायत हे गुरुजींना नुसत्या पेन्सिलीच्या आवाजावरून कळायचं. जीभ शिवशिवायची, पण ते गप्प बसायचे. सदतीस वर्षांत त्यांना एवढं कठीण काम पडलं नव्हतं.

आणि मग जानेवारीत आम्रपाली मॅडम परत आल्या. या वेळी त्यांच्या काखेत शाळेचं जुनं रजिस्टर होतं. पाणी दिलं तरी प्यायल्या नाहीत.

"गुरुजी, मार्चमधल्या साक्षरता परीक्षेच्या याद्या वर पाठवताना जुनं दप्तर मागवलं होतं. काकूंचं नाव ब्याण्णवच्या यादीत आहे. उत्तीर्ण, एकाहत्तर मार्क." त्या जमिनीकडे बघत बोलत होत्या. "एकदा उत्तीर्ण झालेल्याला परत बसवता येत नाही म्हणतायत. नाव कमी करा म्हणाले. नोंद चुकीची होती असं कुणी लेखी दिलं, तरच राहील."

"कुणी म्हणजे?"

"ज्यांची सही आहे त्यांनी, गुरुजी."

सही कुणाची होती हे दोघांनाही दिसत होतं. गुरुजी म्हणाले, "बघतो." मॅडम गेल्या. अंबूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी त्या दुपारी त्या नेहमीप्रमाणे वही घेऊन चाळीत गेल्या, जसं काही परीक्षा ठरलेलीच आहे.

आठ दिवस गुरुजी घराबाहेर पडले नाहीत. कोंडीराम कुणाकडून तरी ऐकून आले आणि ओसरीवर बसून कुजबुजत म्हणाले, "गुरुजी, म्हातारपनी कशाला उकरता? त्या दगडावर माजं बी नाव हाय. लोक काय म्हनतील? आनि वहिनींना घरातच शिकवा की. परीक्षेचं एवढं काय अडलंय?"

गुरुजींना ते पटलंसुद्धा. खोटं कशाला सांगू, चांगले दोन दिवस त्यांना ते पटलेलं होतं. घरात शिकेल, नाव लिहील, झालं. त्यासाठी सगळ्या गावासमोर आपलं जन्माचं तोंड काळं कशाला करायचं?

नवव्या दिवशी त्यांना खुरपं हवं होतं. फाटकाजवळ हरळी माजली होती, तेवढी काढावी म्हणून त्यांनी चाळीच्या खुंटीवरचं अंबूबाईंचं खुरपं घेतलं. मुठीला काहीतरी खरखरीत लागलं. उन्हात धरून पाहिलं. लाकडात खिळ्याने कोरलेलं होतं, वाकडंतिकडं, खोल, एकेक रेघ तीन-तीनदा ओढून: अंबू. चाळीस-एक वर्षं त्या खुरप्याने या रानातलं गवत काढलं होतं. तीनदा पातं बदललं, मूठ तीच होती. घरातल्या प्रत्येक वस्तूवर, घमेल्यावर, इंजिनवर, बैलगाडीच्या साटीवर 'ज्यो. र. येळवंडे' असं त्यांनीच रंगाने लिहिलेलं होतं. खुरप्यावर मात्र आजवर कुणाचंच नाव नव्हतं.

गुरुजी तिथेच पोत्यावर बसले आणि रडले. बरंच रडले. मग तोंड धुतलं, टोपी घातली आणि शाळेत गेले.

मॅडमच्या टेबलाशी बसून त्यांनी अर्ज लिहिला, त्यांच्या त्या प्रसिद्ध मोत्यासारख्या अक्षरात. सन १९९२ मधील साक्षरता परीक्षेच्या एक्केचाळीस महिलांच्या उत्तरपत्रिका मी स्वतः लिहिल्या व तपासल्या. सदर महिलांना मी शिकवले नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.

मॅडमनी वाचलं. "गुरुजी, एकट्या काकूंचं दिलंत तरी चालेल. बाकीच्यांचं कुणी विचारलेलं नाही."

"नाही. आपल्या घरच्यापुरतं बघितलं तर पुन्हा तेच झालं," गुरुजी म्हणाले आणि सही केली.

अशी गोष्ट गावात लपते होय? संध्याकाळपर्यंत खोल्याखोल्यांत पोचली. चहाच्या टपरीवर दोन दिवस गुरुजी आले की बोलणं थांबायचं. एक-दोघांनी पाया पडायचं टाळलं, हेही त्यांनी पाहिलं. कोंडीरामांनी बोलणं टाकलं. रात्री झोप मात्र बरी लागायला लागली, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालनबाई आल्या, कोंडीरामांच्या मंडळी. गुडघे दुखतात म्हणून काठी टेकत. गुरुजी उठून उभे राहिले, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

"गुरुजी, मला अठ्ठ्याहत्तर मार्क पडलं हुतं म्हनं?"

"हो वहिनी. चुकलंच माझं."

"आनि मला सांगितलं न्हाई कुनी! तीस वर्सं झाली की वो!" त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "माजं बी नाव टाका. आनि आमच्या मालकांना सांगू नगा, त्यांचं मी बघते."

त्या एक्केचाळीसातल्या तेवीस जणी हयात होत्या. त्यांतल्या अकरा जणींनी नावं दिली. चाळीत पोती कमी पडायला लागली आणि नजमुन्निसाने तौफिककडून गॅरेजातले दोन जुने बाक आणवले. गुरुजींना काम मिळालं, पेन्सिलींना टोक काढायचं. ते त्यांनी मन लावून केलं.

मार्चमधल्या एका रविवारी परीक्षा झाली. अंबूबाई आत गेल्या, त्याच वर्गात जिथे गुरुजींनी एकदा दार आतून लावून घेतलं होतं. आज दारं सताड उघडी होती. गुरुजी बाहेर लिंबाखाली बसले. थोड्या वेळाने कोंडीराम येऊन शेजारी टेकले. दोघंही दगडाकडे बघत नव्हते.

"शालन रात्री पाडे म्हनत हुती," कोंडीराम म्हणाले. "बाराचा पाडा मला बी येत न्हाई, गुरुजी."

"मला माहितीय. मीच तुला माझ्या पाटीवरून बघून लिहू द्यायचो," गुरुजी म्हणाले. एवढ्यावर त्यांचं बोलणं परत सुरू झालं.

अंबूबाई सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. बोटांना शाई लागलेली.

"कसा गेला?"

"तुमाला कशाला? तुमी काय तपासनार हाय?" त्या म्हणाल्या आणि मैत्रिणींबरोबर पुढे चालू लागल्या. गुरुजी मागून आले, पाण्याची बाटली धरून.

घरी आल्यावर गुरुजींनी माळ्यावरची लोखंडी पेटी काढली. काही म्हणजे काही टाकून द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. एक्केचाळीस पेपर सुतळीने बांधलेले होते. सुतळी सोडून त्यांतला सगळ्यात खालचा त्यांनी काढला आणि अंबूबाईंपुढे ठेवला.

"वाच," ते म्हणाले. मग म्हणाले, "वाचतेस का?"

अंबूबाईंनी कागद उजेडाकडे धरला. एकेका अक्षराखाली बोट फिरवत, थांबत, जोडत त्या वाचू लागल्या.

"माझे… नाव… अंबूबाई… ज्योतीराम… येळवंडे." स्वतःच्या नावाशी त्या जरा थांबल्या. "मी… घर… काम… करते. माझे पती… शि… शिक्षक आहेत. ते… शेती… करतात. आम्ही… सुखी… आहोत."

त्यांनी 'ते शेती करतात' ही ओळ पुन्हा वाचली. या वेळी न अडखळता.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

"डाव्या हातानं?"

"हो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून."

"हात डावा असंल," अंबूबाई म्हणाल्या, "पर डोस्कं तर तुमचंच हुतं न्हवं?"

अंबूबाईंनी हात पुढे केला. "तांबडं पेन द्या." सवयीने ते अजून त्यांच्या खिशाला असायचं. त्यांनी काढून दिलं. अंबूबाईंनी 'घरकाम' वर एक आडवी रेघ मारली. 'ते शेती करतात' वर दुसरी. शेवटच्या ओळीवर पेन थोडा वेळ टेकलं. ती ओळ त्यांनी तशीच राहू दिली. मग कोपऱ्यातल्या एकाहत्तरला त्यांनी गोल केला आणि कागद परत सरकवला.

"पुन्यांदा लिवा. उजव्या हातानं."

गुरुजींनी वहीचं पान घेतलं. गुडघ्यावर ठेवून लिहायला बसले. मोत्यासारखं अक्षर त्या दिवशी काही आलं नाही. चार ओळी लिहून त्यांनी पान पुढे केलं आणि वर्गात पट्टीची वाट बघणाऱ्या पोरासारखे बसून राहिले.

अंबूबाई वाचू लागल्या. "अंबू… शेती करते. मला… शेतीतलं… जे कळलं… ते तिच्या… कडून. ते मी… रे… रेडि… रेडिओवर… माझं… म्हणून… सांगितलं." त्या थांबल्या. पदर डोळ्यांना लावला. "मी… तिला… मारलं… होतं. चुकलं."

बाहेर शिफ्टची बस फाटकाशी थांबून गेली. अंबूबाईंनी पानाची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. मग परत काढली, उलगडली.

"किती मार्क?" गुरुजींनी विचारलं.

"मार्कांचं मागनं बघू," त्या म्हणाल्या. "आदी मला आनखी एकदा वाचू द्या."